मामांची दुसरी मोजणी

मामांना विद्यापीठात नोकरी लागली तेव्हा त्यांच्या मेहुण्यानं सगळ्या नातेवाइकांत जाहीर करून टाकलं, "आमच्या भाओजींना माश्या मारायचं काम मिळालंय." हा विनोद पुढे एकतीस वर्षं टिकला. चार माणसं जमली की मेहुणा तो काढायचाच, आणि मामा दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे हसायचे. उत्तरही ठरलेलं. "मारायचं नाही हो, जगवायचं. मारायला काय, पेपराची घडी पुरते."

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. पण एकोणीस प्रकारच्या माश्या एकतीस वर्षं, एकही दुसरीत मिसळू न देता जगवून दाखवाव्यात आणि मग तोंड उघडावं. पिकल्या केळ्यावर घोंघावते ना, तिळाएवढी, तीच ही फळमाशी. पहिल्या वर्षाला अनुवंशशास्त्र आणि विकासजीवशास्त्र घेतलेली मुलं आई-बापांकडून पोरांकडे काय जातं हे तिच्यावर शिकतात, कारण ती दहा दिवसांत अंड्याची माशी होते आणि तक्रार करत नाही. काहींचे डोळे लाल, काहींचे पांढरे, काहींचे पंख आखडलेले, काहींचं अंग काळं. प्रत्येक प्रकार वेगळ्या बाटल्यांत.

या बाटल्यांची खोली प्रयोगशाळेच्या मागे, बोळाच्या टोकाला. आठ फूट बाय बारा फूट. दोन मांडण्या, पंचवीस अंशांवर ठेवलेलं एक उबदार कपाट, एक सिंक, एक गॅसची शेगडी आणि तिच्यावर एक मोठं पातेलं. दर सोमवारी मामा त्या पातेल्यात मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट होण्यासाठी अगरची भुकटी घालून माश्यांचं जेवण शिजवत. ते ढवळताना कोणी बोलायला आलं तर हूं की चूं करत नसत, कारण गुठळी झाली तर अळ्यांना खाता येत नाही. त्या वासानं त्यांचे शर्ट कायमचे भरलेले होते. मामी ते घरात घेत नसत. मामांनी यायचं, बाहेरच्या दोरीवर शर्ट अडकवायचा आणि मग उंबरा ओलांडायचा, हा त्यांच्या संसारातला पहिला करार.

दुसरा करार सुट्टीचा. बाटलीतलं जेवण चौदा दिवसांत वाळतं, बुरशी धरायला लागतं. त्याआधी माश्यांना नव्या बाटलीत घालावं लागतं. मामा याला बिऱ्हाड हलवणं म्हणत. त्यामुळे एकतीस वर्षांत मामांनी तेरा दिवसांहून जास्त रजा एकदाही घेतली नव्हती. मामी म्हणायच्या, "माझ्या सवती लाखांनी आहेत, आणि सगळ्या सहा पायांच्या."

मुलं त्यांना मामाच म्हणत. प्राध्यापकही मामाच म्हणत. कागदोपत्री ते प्रयोगशाळा परिचर होते, पण त्या हुद्द्यानं हाक मारली असती तर त्यांनी मागे वळून पाहिलं नसतं. शिकवणं त्यांचं काम नव्हतं. तरी कोणी नवं पोर बाटली हातात घेऊन कोड्यात पडलं की मामा हळूच काचेला चिकटलेला कोष दाखवायचे. "बघ, अळी आत गेली की विरघळते जवळजवळ. मग आतल्या आत नवी माशी बांधली जाते. आणि बाहेरून आधी काय दिसतं, सांग? डोळे. दोन लाल ठिपके. पंख नंतर." पोरगं भिंग लावून पाहायचं आणि त्याचं तोंड उघडं राहायचं. मामांना तेवढा पगार पुरे होता.

त्यांचं सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे माद्या वेगळ्या काढणं. मादी एकदा नराला भेटली की तिच्या पोटात त्याचं बीज साठून राहतं. मग वर्गानं तिच्यासाठी कितीही विचारपूर्वक नवरा निवडला तरी पोरं आधीच्याचीच निघतात. पण कोषातून बाहेर पडल्यावर पहिले आठेक तास ती नराला जवळ येऊ देत नाही. त्या आठ तासांत तिला बाजूला काढायची. अशा माद्यांना मामा 'कोऱ्या' म्हणत. सकाळी सातला बाटली पूर्ण रिकामी करायची, एकही जुनी माशी आत राहता कामा नये, आणि अडीचच्या आत नव्या निघालेल्या गोळा करायच्या. कोरी मादी फिकट असते आणि तिच्या पोटात एक काळा ठिपका दिसतो. मामांचा ब्रश त्या ठिपक्यावर बरोबर पडायचा. विभागात म्हणत, घड्याळ चुकेल पण मामांची कोरी मादी चुकणार नाही.

आणि त्यांची एक खोड होती, जी कोणालाच ठाऊक नव्हती.

प्रात्यक्षिक संपलं की मुलं मोजलेल्या माश्या स्पिरिटच्या बाटलीत टाकतात. प्रत्येक टेबलाची बाटली वेगळी. दुसऱ्या दिवशी मामांनी त्या ओतून धुऊन ठेवायच्या, एवढंच अपेक्षित. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी सहज म्हणून एका बाटलीतल्या माश्या मोजल्या आणि त्या टेबलाच्या कागदाशी ताडून पाहिल्या. जुळेनात. दुसरी मोजली. तीही जुळेना. पुस्तकात जे प्रमाण असतं ते कागदावर होतं, आणि बाटलीत होतं ते वेगळंच. पोरांनी आकडे धुऊन, इस्त्री करून दिले होते.

तेव्हापासून मामा प्रत्येक बाटली पुन्हा मोजत. सकाळी लवकर येऊन, पांढऱ्या बशीत माश्या पसरून, ब्रशानं एकेक बाजूला सारत. पेन्सिलीनं वहीत लिहीत, कारण स्पिरिटचा थेंब पडला की शाई पसरते. टेबल, तारीख, पोरांचा आकडा, आपला आकडा. मग बाटल्या धुऊन जागेवर, आणि वही पिठाच्या डब्यामागे. अशा सात वह्या झाल्या होत्या. कोणाचं वाईट करायचं म्हणून नाही. मोजलेलं खरं काय ते कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच त्यांना वाटे.

त्या वर्षी प्रयोग नेहमीचा होता. पांढऱ्या डोळ्यांच्या आया, लाल डोळ्यांचे बाप. पोरांमध्ये सगळ्या मुली लाल डोळ्यांच्या निघाल्या पाहिजेत आणि सगळे मुलगे पांढऱ्या. कारण मुलगा डोळ्याचा रंग फक्त आईकडून घेतो. मुलीला दोघांकडून मिळतो, आणि लाल रंग पांढऱ्यावर मात करतो. चोवीस टेबलं, प्रत्येक टेबलाला पाच कोऱ्या माद्या.

शेवटच्या टेबलावर एक मुलगी एकटीच काम करायची. तिच्या जोडीदारानं विषय बदलला होता. वर्गात हात वर करून इतकं विचारायची की वर्गमित्रांनी तिचं नाव शंकाबाई ठेवलं होतं. तिनं दोनशे बारा माश्या मोजल्या. एकशे पाच लाल मुली, एकशे दोन पांढरे मुलगे. शिवाय तीन मुली पांढऱ्या डोळ्यांच्या आणि दोन मुलगे लाल डोळ्यांचे. जसं दिसलं तसं लिहून दिलं.

मामांनी दुसऱ्या दिवशी तिची बाटली मोजली. एकशे पाच, एकशे दोन, तीन, दोन. अगदी तंतोतंत. अशी मोजणी वर्षातून दोन-चारदाच भेटायची, मामा खूश झाले. मग त्यांनी पुन्हा आकड्यांकडे पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला. पांढऱ्या डोळ्यांच्या मुली. म्हणजे आई कोरी नव्हती, बाटलीतल्या पांढऱ्या डोळ्यांच्या भावाला आधीच भेटलेली होती. त्यांनी एकविसावं टेबल मोजलं. दोन पांढऱ्या मुली, एक लाल मुलगा. बाविसावं, तेविसावं, तिथेही तेच. कागदावर मात्र तिन्ही टेबलांनी एकूणएक मुली लाल दाखवल्या होत्या. या चारही टेबलांच्या माद्या सात नंबरच्या बाटलीतून काढल्या होत्या, आणि काढल्या होत्या मामांनी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मामांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन करा आणि तीन आठवडे विश्रांती घ्या. तीन आठवडे. मामा डॉक्टरांकडे असे बघत राहिले की डॉक्टरांना वाटलं, यांना ऐकू येत नाही. हे मामी सोडून कोणालाच माहीत नव्हतं. पांढरे डोळे हल्ली मामांना पिवळसर दिसायचे.

आणि खोलीवर टांगती तलवार होतीच. आदल्या वर्षी बाटल्यांत बारीक किडे शिरले होते, एका वर्गाचा प्रयोग वाया गेला होता. तेव्हा विभागप्रमुखांनी मामांना बोलावून शांतपणे सांगितलं होतं, "आणखी एक तक्रार आली की मी ही खोली बंद करतो. हल्ली संगणकावर माश्या मिळतात, मामा. त्यांना जेवण लागत नाही आणि कीडही लागत नाही." खोली बंद म्हणजे एकोणीसच्या एकोणीस प्रकार उकळत्या पाण्यात. मामांची नोकरी गेली नसती. त्यांना कुठल्यातरी फायलींच्या कपाटाशेजारी खुर्ची मिळाली असती. पण ते पातेलं, त्या बाटल्या, ते सगळं गेलं असतं.

शुक्रवारी दुपारी शंकाबाई खोलीच्या दारात उभी राहिली.

"मामा, आत येऊ?"

"ये. आणि दार लाव, पंचवीस अंशांचे चोवीस होतात."

ती आत आली. तिच्या हातात प्रयोगाचा कागद होता.

"मामा, खरं सांगा. मोजायला चुकल्यानं असं येऊ शकतं का?"

"मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पांढऱ्या डोळ्यांच्या मुली येणंच शक्य नाही. एक तर माद्या कोऱ्या नव्हत्या, नाहीतर तू चुकलीस. आणि माद्या मामांनी काढल्यात, म्हणजे त्या कोऱ्याच असणार. म्हणजे तूच चुकलीस. सोमवारी दुरुस्त करून दे, नाहीतर प्रात्यक्षिकात शून्य." ती थोडं थांबली. "शून्य म्हणजे वर्ष गेलं, मामा. सगळे म्हणतात, पाच माश्यांचा तर प्रश्न आहे, खोडून टाक. मी खोडरबर घेतलंही होतं हातात."

मामा बाटली धूत होते, ती धुऊन झाली होती तरी धूत राहिले. पिठाच्या डब्यामागे वही होती. हात लांब केला असता तर पोचला असता. त्यांच्यावरच्या विश्वासापायी ही पोरगी खोटी ठरत होती, आणि खरं सांगायचं तर आपलंच घर उन्हात बांधावं लागणार होतं.

"खोडू नकोस," ते एवढंच म्हणाले. "सोमवारपर्यंत खोडू नकोस."

ती गेली. मामांनी ती बाटली तिसऱ्यांदा धुतली.

घरी त्यांनी शर्ट दोरीवर टाकला, हात धुतले आणि ताटासमोर बसून नुसतेच बघत राहिले. मामींनी दोन मिनिटं वाट पाहिली.

"कुठे माशी शिंकली?"

मामांनी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, सात वह्यांसकट. मामी वह्यांचं ऐकून चाट पडल्या. "म्हणजे सकाळी सहाला निघता ते यासाठी? आणि मी इतकी वर्षं समजत होते की माश्यांना भूक लागते."

"सात नंबरच्या बाटलीची नोंद पाहिली मी," मामा म्हणाले. "सकाळी सातला रिकामी केली, दुपारी दोन वीसला माद्या काढल्या. वेळ बरोबर आहे. म्हणजे काही जुन्या माद्या आतल्या कागदाच्या घडीत बसल्या असणार, आणि मला दिसल्या नसणार. दुसरं काय?"

"मग सांगा तसं."

"खोली जाईल."

"त्या पोरीचं वर्ष जाईल त्याचं काय?"

"एकोणीस प्रकार आहेत गं. एकतीस वर्षं."

मामींनी आमटीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. आवाज चढवला नाही. "खोलीला घरी जाऊन आई-बापांना तोंड दाखवायचं नाहीये. जेवा आता."

मामा जेवले. शनिवार-रविवार त्यांनी खोलीत काढला. सगळ्या बाटल्यांची बिऱ्हाडं वेळेच्या आधीच हलवली, मांडण्या पुसल्या, पातेलं घासून लखलखीत केलं. निरोप द्यायचाच असेल तर पाहुणे नीटनेटके असावेत, असं काहीसं त्यांच्या मनात होतं.

सोमवारी अकराला ते मॅडमच्या खोलीत गेले. मॅडमना नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. हुशार बाई, शिकवण्यात जीव ओतायच्या, पण कायम तीन कामं एकदम हातात. समोर शंकाबाई उभी होती आणि टेबलावर तिचा कागद. एकही आकडा खोडलेला नव्हता. तीन, दोन, तसेच्या तसे.

"मॅडम, जरा बोलायचं होतं," मामा म्हणाले. "तिचा आकडा बरोबर आहे. मी मोजलाय."

"मोजलाय म्हणजे?"

मामांनी वही पुढे केली. मग ती काय आहे हे सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, इतक्या वर्षांच्या मानानं. मॅडमनी पान उघडलं, बोट ठेवून खाली नेलं. पोरांचा आकडा, मामांचा आकडा. पोरांचा, मामांचा. अर्ध्यावर त्यांचं बोट थांबलं आणि मग सावकाश पुढे गेलं.

"चोवीसपैकी किती जुळले?"

"नऊ. यंदा बरं आहे, मॅडम. एका वर्षी चार होते."

मॅडमनी कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. त्यांनी त्या चोवीस कागदांवर शेरे मारले होते, आणि सर्वांत चांगले गुण पंधरा न जुळणाऱ्यांतच होते.

"आणि चूक तिची नाही, माझी आहे," मामांनी एका दमात सांगून टाकलं. "एकवीस ते चोवीस, चारही टेबलांना पांढऱ्या मुली आल्यात. बाकीच्या तिघांनी लपवल्या, हिनं नाही लपवल्या. माद्या मी काढल्या होत्या. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तीन महिने झाले. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आता सरांना काय सांगायचं ते सांगा."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आणि शंकाबाई, जिला आता नुसतं सुटकेचा श्वास सोडून घरी जायला हरकत नव्हती, तिनं सवयीनं हात वर केला.

"पण मामा, मग लाल मुलगे कुठून आले?"

"कुठले?"

"माझे दोन. आणि तुमच्या वहीत या तिघांकडेही आहेत. माद्या कोऱ्या नसत्या तर त्या कोणाला भेटल्या असत्या? बाटलीतल्या भावांना. तेही पांढऱ्या डोळ्यांचे. आई पांढरी, बाप पांढरा, पोरं सगळी पांढरी. जास्तीच्या पांढऱ्या मुली आल्या असत्या, कबूल. पण लाल मुलगा येणारच नाही. मुलगा डोळा आईकडून घेतो, आणि आईकडे लाल नाहीच. यांना लाल रंग बापानं दिलाय. मॅडम, बाप तर मुलाला डोळा देतच नाही ना?"

मॅडम उठल्या. खडू घेतला, फळ्याकडे गेल्या आणि काही न लिहिता तशाच उभ्या राहिल्या.

"हे मी गेल्या महिन्यात शिकवलं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली आला होता. "याच खडूनं. अपवाद म्हणून पाच मिनिटांत उरकलं."

मग त्यांनी फळ्यावर आईची दोन गुणसूत्रं काढली, ज्यांच्यावर डोळ्याचा रंग असतो ती. अंडं तयार होताना ती दोन वेगळी व्हायची असतात, प्रत्येक अंड्यात एक. पण कधीतरी ती सुटतच नाहीत. एका अंड्यात दोन्ही जातात आणि दुसरं कोरडं राहतं. दोन्ही मिळालेल्या अंड्यातून मुलगी होते, तिचं सगळं आईचं, म्हणून डोळे पांढरे. कोरड्या अंड्याला जे मिळतं ते फक्त बापाकडून. त्यातून मुलगा होतो आणि त्याचे डोळे लाल.

"एरवी हे हजारात एखाद्या वेळी होतं. पण काही माद्यांमध्ये एक गुणसूत्र जास्तीचं असतं, त्यांच्यात वरचेवर होतं, आणि लेकींकडेही जातं. मामा, सात नंबरच्या बाटलीत अशा माद्या आहेत. बहुतेक काही महिन्यांपासून."

"मग मला दिसल्या कशा नाहीत?"

"दिसणार कशा? त्या बाटलीत आई पांढरी आणि बापही पांढरा. मुलगी कशीही झाली तरी पांढरीच. लाल बाप आणल्याशिवाय कळायला मार्गच नाही."

मामा फळ्याकडे पाहत राहिले. वर्गाच्या दाराआडून त्यांनी एकतीस वर्षं व्याख्यानं कानावर घेतली होती, पण त्यांच्यासाठी म्हणून फळ्यावर कोणी काही काढलं नव्हतं.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण माझा डोळा तर गेलाच ना. बाकीच्या टेबलांचं काय सांगावं?"

शंकाबाईनं वही आपल्याकडे ओढली होती. ती पहिल्या टेबलापासून वाचत गेली, ओठ हलवत. "टेबल एक ते वीस. प्रत्येकी पाच म्हणजे शंभर माद्या. तुमच्या दुसऱ्या मोजणीत पांढरी मुलगी एकही नाही, मामा. शंभरच्या शंभर कोऱ्या होत्या."

मामांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसायला घेतला. तो पुसून स्वच्छ होईना, कारण डोळे भरले होते. मॅडमनी तेवढ्यात शंकाबाईचा कागद घेतला, त्यावरचा शेरा खोडला आणि शेजारी लिहिलं, "मोजणी बरोबर. चूक माझी." खाली सही केली. एवढं सरळ लिहिणारे शिक्षक किती असतील, हा प्रश्न ज्यानं त्यानं आपापल्या शिक्षकांना आठवून सोडवावा.

विभागप्रमुखांना त्याच दिवशी सगळं कळलं, वह्यांसकट. त्यांनी तीन वह्या चाळल्या, फार वेळ चाळल्या.

"संगणकावरच्या माश्यांनी हे केलं असतं का, सर?" मॅडमनी विचारलं.

"त्यांना तसं सांगून ठेवलं असतं तर केलं असतं."

"आणि न सांगता?"

सरांनी वही मिटली. "हे वर्ष चालू द्या खोली," ते म्हणाले, आणि मामांकडे वळून, "आणि तुम्ही आधी डोळा करून घ्या."

फळ्यावर सिद्ध झालं म्हणजे सिद्ध झालं असं मॅडमना वाटत नव्हतं, आणि हे मात्र त्यांना मामांकडून एका दिवसात लागलेलं वळण म्हणायला हवं. सात नंबरमधल्या दहा कोऱ्या माद्या दहा वेगळ्या बाटल्यांत, प्रत्येकीबरोबर लाल डोळ्यांचे नर, असा बेत ठरला. मंगळवारी मामांनी माद्या काढल्या. शंकाबाई शेजारी बसून भिंगातून प्रत्येक ठिपका पाहत होती. "तुम्हाला इतकं धूसर दिसतं तर जमतं कसं?" तिनं विचारलं. "ठिपका काळा असतो गं," मामा म्हणाले. "काळं दिसतं अजून. आणि उरलेलं घड्याळ बघतं."

बुधवारी त्यांनी तीन आठवड्यांची रजा टाकली. इतकी लांब, आयुष्यातली पहिली. खोलीच्या दारावर त्यांनी साडेतीन पानांच्या सूचना चिकटवल्या. पीठ आधी थंड पाण्यात कालवणे. बिऱ्हाड हलवताना बाटली दोनदा आपटणे, तिसऱ्यांदा नाही. सात नंबरच्या शेजारी काही न ठेवणे. ढवळताना न बोलणे. मॅडमनी आणि शंकाबाईनं त्या सूचना पाठ केल्या. पहिल्या सोमवारी पातेल्यात गुठळ्या झाल्या, कारण मॅडम बोलल्या होत्या. ते सगळं फेकून दुसरं शिजवावं लागलं.

घरी मामी खुशीत होत्या, पण तेरा दिवसच. चौदाव्या दिवशी मामा हिरवी पट्टी बांधून खिडकीशी उभे राहिले ते हलेनात. शेवटी मामींनीच फोन लावून त्यांच्या कानाला दिला. पलीकडून शंकाबाई म्हणाली, "हलवली, मामा. एकोणीसच्या एकोणीस. दोनदाच आपटली." मग ते बसले.

रजा संपली त्या सकाळी ते सव्वासहालाच खोलीत पोचले. सिंकजवळ दहा बाटल्या ओळीनं ठेवल्या होत्या, स्पिरिटमध्ये, न धुता. शेजारी मॅडमच्या अक्षरातला कागद. दहापैकी सहा बाटल्यांत पांढऱ्या मुली आणि लाल मुलगे आले होते, चारांत एकही नाही. सात नंबरचं गुपित आता कागदावर होतं. मामांनी पांढरी बशी घेतली, खिडकीचा पडदा सारला आणि पहिली बाटली ओतली.

बराच वेळ ते मोजायला लागलेच नाहीत. ब्रशाच्या टोकावर एक पांढऱ्या डोळ्यांची मुलगी होती. इतका पांढरा रंग त्यांनी किती दिवसांत पाहिला नव्हता. ते तिला या बाजूनं बघत होते, त्या बाजूनं बघत होते.

नऊला मॅडम आणि शंकाबाई दारात आल्या तेव्हा दहाही बाटल्यांची मोजणी संपली होती. मामा वही पुढ्यात घेऊन बसले होते आणि त्यांचा चेहरा अवघडलेला होता.

"काय झालं, मामा?"

"मॅडम, राग मानू नका. सहा नंबरला तुम्ही चार लाल मुलगे लिहिलेत. पाच आहेत. एक पंखाखाली चिकटून राहिला होता."

मॅडमनी बशीत वाकून पाहिलं. मोजलं. पाच होते. त्यांनी वही हातात घेतली. पानावर चोवीस टेबलांच्या खाली मामांनी पेन्सिलीनं, त्याच ठरलेल्या रकान्यांत, एक नवी ओळ घातली होती.

टेबल पंचवीस. मॅडम. दहापैकी नऊ जुळल्या.

"पेन्सिल द्या," मॅडम म्हणाल्या, आणि त्या ओळीखाली त्यांनी सही केली.